भूमीचे मुद्दल आणि भूमीचे व्याज

चाकण पट्ट्यातील शेतकऱ्यांनी मांडावयाचा हिशेब

प्रपंच करणारा शहाणा मनुष्य आपल्या मिळकतीत मुद्दल कोणते व व्याज कोणते हे ओळखून असतो. व्याजावर घरखर्च चालतो तोवर काळजीचे कारण नसते. मुद्दलास हात लागला म्हणजे मात्र घराला उतरती कळा लागते, आणि प्रारंभी काही वर्षे ती कोणाच्या ध्यानातही येत नाही. भूमीच्या पोटातील खनिजे व तिच्यापासून मिळणारी शक्ती यांनाही हाच नियम लागू आहे. पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यात तर त्याचा विचार तातडीने करणे अगत्याचे झाले आहे.

येथील भूमीत काय आहे?

१९५४ साली पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले. त्यानंतर भोसरी, आकुर्डी, चिंचवड येथे व पुढे चाकणजवळ महाळुंगे, निघोजे, खराबवाडी, सावरदरी, वासुली या गावांच्या शिवारांत कारखाने उभे राहिले. मोटारी बनविणाऱ्या या कारखान्यांना लोखंड, अ‍ॅल्युमिनियम, तांबे व वीज विपुल लागते. परंतु त्यांपैकी कोणत्याही धातूची अथवा कोळशाची खाण या शिवारांत नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर पसरून दख्खनचे पठार बनले. आपली गावे त्या काळ्या खडकावर वसली आहेत. कोळसा चंद्रपूर, यवतमाळ व नागपूर या जिल्ह्यांत सापडतो. मँगनीज नागपूर-भंडाऱ्याकडे, तर लोहखनिज गडचिरोलीस.

मग आपल्या वाट्याला काय आले? काळा दगड, त्याच्या झिजेतून झालेला मुरूम, मुरुमावरील माती आणि नदीची वाळू. कायदा त्यांना 'गौण खनिजे' म्हणतो. शेतकऱ्याच्या दृष्टीने मात्र माती व मुरूम यांत गौण असे काहीच नाही.

संपत्तीचे तीन वर्ग

नैसर्गिक संपत्तीचे तीन वर्ग समजून घ्यावेत. पहिला वर्ग नित्य वाहणाऱ्या शक्तीचा. सूर्याचे ऊन, वारा व डोंगरावरून उतरणारे पाणी आज वापरले म्हणून उद्या कमी होत नाही. लोणावळ्याच्या तलावांचे पाणी घाटाखाली सोडून खोपोली येथे १९१५ साली वीजनिर्मिती सुरू झाली; ते काम शंभर वर्षांनंतरही चालू आहे. परंतु अशा शक्तीसाठीही जमीन लागते, हे विसरता कामा नये. मुळशी धरणात जमिनी जाणार म्हणून तेथील मावळ्यांनी १९२१ साली सत्याग्रह आरंभिला व सेनापती बापटांनी त्याचे नेतृत्व केले, हा इतिहास आपल्या जिल्ह्यातीलच आहे.

दुसरा वर्ग धातूंचा. त्यांचा साठा मर्यादित असला तरी ते वितळवून पुन्हा वापरता येतात. जुने अ‍ॅल्युमिनियम वितळविण्यास, ते खनिजापासून नव्याने तयार करण्याच्या मानाने, सुमारे विसावा हिस्साच शक्ती खर्च होते. कारखानदार धातूचे भंगार फेकून देत नाही, ते याच कारणाने.

तिसरा वर्ग कोळसा, खनिज तेल व नैसर्गिक वायू यांचा. ते तयार होण्यास कोट्यवधी वर्षे लागली, आणि एकदा जळाले की परत मिळत नाहीत. हे निखळ मुद्दल होय.

खताची गोणी हीसुद्धा खाणीतील वस्तू

कोळसा व वायू यांच्याशी आपला संबंध नाही, असे कित्येक शेतकरी बंधूंना वाटते. ते बरोबर नाही. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत सुमारे २० किलो ७०० ग्रॅम नत्र असते. हे नत्र हवेतून घेतले जाते. पण ते खताच्या रूपात आणण्यासाठी नैसर्गिक वायू खर्ची पडतो. रायगड जिल्ह्यातील थळ येथील खत कारखाना अशाच वायूवर चालतो. डीएपीतील स्फुरद खडकातून काढलेले असते व त्याचा मोठा भाग परदेशांतून येतो. पालाश तर आपला देश जवळजवळ संपूर्णपणे आयात करतो. बटाटा हे पीक जमिनीतून पालाश भरपूर उचलते. म्हणजे खेड तालुक्यातून बटाट्याची मालमोटार बाजारास निघते तेव्हा दूर देशीच्या खाणीतून आलेले मुद्दलही तिच्याबरोबर जात असते. म्हणून मातीपरीक्षणावाचून अंदाजाने खत टाकणे हा पैशाचा अपव्यय तर आहेच, शिवाय पुढील पिढीच्या ठेवीचाही आहे.

माती व मुरूम यांचे काय?

आता सर्वांत महत्त्वाच्या मुद्द्याकडे वळू. रस्ते, कारखान्यांची जोती व गोदामे यांच्या भरावासाठी मुरुमाला आणि मातीला मोठी मागणी आहे. पड जमिनीतून किंवा माळावरून मुरूम उचलू द्यावा व रोख रक्कम घ्यावी, असा मोह होणे स्वाभाविक आहे. तो व्यवहार करण्यापूर्वी पुढील हिशेब मांडून पाहावा.

एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. त्यावरील एक फूट माती उचलली तर ४३,५६० घनफूट, म्हणजे सुमारे ४३५ ब्रास माती जाते. तिचे वजन १,६०० टनांच्या आसपास भरेल. तीत सेंद्रिय कर्ब अर्धा टक्का धरला तर तो ८ टन होतो, आणि त्याच्या दहाव्या हिश्श्याने नत्र धरले तर ते ८०० किलो भरते. इतके नत्र विकत घ्यावयाचे तर युरियाच्या सुमारे ३८ गोण्या लागतील. आणि गोणीतून नत्र मिळाले, तरी ओल धरून ठेवण्याची शक्ती, गांडुळे व सूक्ष्म जीव गोणीतून मिळत नाहीत. बोटभर माती तयार होण्यास निसर्गाला शेकडो वर्षे लागतात.

मुरुमाची गोष्ट याहून गंभीर आहे. काळ्या कातळात पाणी साठविण्यास जागा फार थोडी. झिजलेला व भेगाळलेला थर हीच आपल्या विहिरींची कोठी होय. त्या थरातही शंभर घनफुटांमागे विहिरीला मिळू शकणारे पाणी साधारण एक ते तीन घनफूटच असते. माळावरचा मुरूम खरवडून नेला म्हणजे खालच्या विहिरीची कोठीच उचलून नेली. नुकसान एकट्या विकणाऱ्याचे होत नाही. उताराखालच्या शेजाऱ्यालाही ते सोसावे लागते. शिवाय गौण खनिजांचा हक्क शासनाचा असून महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४८ अन्वये विनापरवाना उत्खननास दंड होतो, हेही ध्यानात असू द्यावे.

माती व भूजल या दोहोंना मुद्दल म्हणावे की व्याज, हे आपल्या वापरावर अवलंबून असते. जितके भरून येते तितकेच वापरले तर ते व्याज ठरते. त्याहून अधिक उपसले की तेच मुद्दल होते. सौर पंपाच्या बाबतीत हे विशेषकरून लक्षात ठेवावे. २०२४ साली सुरू झालेल्या 'मागेल त्याला सौर कृषी पंप' या योजनेत सर्वसाधारण गटातील शेतकऱ्यास किमतीच्या १० टक्के व अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्यास ५ टक्के हिस्सा भरावा लागतो. योजना उत्तम आहे व तिचा लाभ अवश्य घ्यावा. मात्र ऊन फुकट असले तरी विहिरीतील पाणी फुकट नाही. वीजबिलाचा धाक नाही म्हणून पंप दिवसभर चालू ठेवला, तर अक्षय शक्तीच्या साहाय्याने आपण क्षय पावणारी संपत्तीच उपसू. सौर पंपाबरोबर ठिबक संच असणे म्हणूनच इष्ट होय.

काय करावे?

१. शेताच्या काही भागावर गाळे किंवा गोदाम बांधावयाचे ठरल्यास जोते खणण्यापूर्वी वरची एक फूट माती अलग काढावी आणि आपल्याच उरलेल्या शेतात पसरावी. काँक्रीटखाली गाडलेली माती कोणाच्याच उपयोगी पडत नाही.

२. घरी चार-पाच जनावरे असल्यास गोबर गॅसचे दोन घनमीटरचे सयंत्र बांधावे. त्यास रोज सुमारे ५० किलो ताजे शेण लागते. मिळणारा वायू लहान कुटुंबाच्या स्वयंपाकास उपयोगी पडतो व शेणातील नत्र, स्फुरद, पालाश स्लरीच्या रूपाने शेतात परततात. गोवऱ्या जाळल्यास त्यांतील नत्र धुराबरोबर निघून जाते.

३. तलावांतील गाळ म्हणजे आपल्याच शेतांतून वाहून गेलेली माती. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेतून ती परत आणावी. हलक्या जमिनीस प्राधान्य द्यावे.

४. मातीपरीक्षण करूनच खताची मात्रा ठरवावी. कांदा-बटाट्याच्या फेरपालटात एखादे कडधान्य किंवा ताग घ्यावा.

५. विहिरीतील पाण्याची पातळी दिवाळीनंतर व पुन्हा उन्हाळ्यात मोजून वहीत लिहावी. चार वर्षांच्या नोंदींवरून मुद्दल खर्च होत आहे की काय, ते कोणाच्या सांगण्यावाचून कळेल.

ग्रामकार्यकर्त्यांना विनंती अशी की, त्यांनी हा विषय ग्रामसभेत मांडावा. गावचा माळ, त्याखालील विहिरी आणि मुरूम उचललेल्या जागा यांचा साधा नकाशा फळ्यावर काढून दाखविल्यास लांब भाषणाची गरज पडत नाही.

शहरानेही या मार्गावर पाऊल टाकले आहे. मोशी येथे पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या कचऱ्यापासून वीजनिर्मितीच्या प्रकल्पाचे १ ऑगस्ट २०२३ रोजी उद्घाटन झाले. वर्षाला सुमारे अडीच लाख टन कचरा वापरण्याची ही योजना आहे. शहराला टाकाऊतून शक्ती मिळवावीशी वाटत असताना शेतकऱ्याने टिकाऊ असे आपले मुद्दल ब्रासाच्या भावाने विकावे, हे कोणत्याही हिशेबात बसत नाही. जमीन कारखान्याकडे जाणे पुष्कळदा आपल्या हाती नसते. जी आपल्याकडे उरली आहे तिची माती, तिचा मुरूम व तिचे पाणी राखणे मात्र आपल्याच हाती आहे.