वार, वेळ आणि श्रोता : पॉडकास्टच्या दोन दशकांचा मागोवा

कोणत्याही नव्या माध्यमाचा इतिहास लिहावयास घेतला, की प्रथम यंत्रांची नावे पुढे येतात, त्यामागून त्या यंत्रांचा उपयोग करून कीर्ती मिळविणाऱ्या माणसांची येतात, आणि ज्या नित्याच्या, रुक्ष, बिनबोभाट चालणाऱ्या शिरस्त्यांमुळे ते माध्यम लोकांच्या दिनक्रमात शिरले, त्यांचा उल्लेख बहुधा राहूनच जातो. पॉडकास्टच्या बाबतीतही हेच घडले आहे. या माध्यमाच्या दोन दशकांची तारीखवार छाननी केली, कोणाचा श्रोतृवर्ग वाढला आणि कोणाचा विरून गेला याचा तपशील पाहिला, तर वक्त्याच्या वाणीइतकेच, आणि काही प्रसंगी तिच्याहूनही अधिक, श्रेय एका अनाकर्षक गुणाला द्यावे लागते : प्रसिद्धीची मुदत स्वतःच्या मगदुराप्रमाणे मुक्रर करणे आणि एकदा केलेली मुदत पाळणे.

या गुणाला इतके मोल का आले, हे कळण्यासाठी मुळाशी जावे लागते. २००० सालाच्या अखेरीस अमेरिकेतील संगणकतज्ज्ञ डेव्ह वायनर यांनी, दूरचित्रवाणीवरील संगीतनिवेदक म्हणून पूर्वी गाजलेले ॲडम करी यांच्या आग्रहावरून, आरएसएस या मजकूर पोहोचविण्याच्या पद्धतीत ध्वनीची फाईल जोडण्याची सोय केली. तोपर्यंत फीडमधून केवळ अक्षरे जात होती. आता प्रत्येक नोंदीबरोबर फाईलचा पत्ता, तिचा आकार आणि तिचा प्रकार अशा तीन बाबी जाऊ लागल्या. सोय क्षुल्लक दिसते, परंतु तिने श्रोता आणि निर्माता यांचे नाते पालटून टाकले. आता श्रोत्याने ठरलेल्या वेळी रेडिओपाशी येऊन बसण्याची गरज उरली नाही. भाग आपण होऊन त्याच्या यंत्रात येऊन पडू लागला. अर्थात ज्याच्याकडे काही आपण होऊन यावयाचे असते, तो ते कधी येणार याचा हिशेब मनात ठेवतो, आणि तो हिशेब चुकू लागला की तक्रारीचा शब्दही न काढता निघून जातो.

२००३ मध्ये बोस्टनचे ज्येष्ठ रेडिओ मुलाखतकार क्रिस्टोफर लायडन यांनी वायनर यांच्या साहाय्याने आपल्या मुलाखती या मार्गाने प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. ऑगस्ट २००४ मध्ये करी यांचा ‘डेली सोर्स कोड’ हा कार्यक्रम सुरू झाला. त्याच वर्षी बीबीसीने प्रयोगादाखल जे कार्यक्रम उतरवून घेण्यास उपलब्ध केले, त्यांत मेल्विन ब्रॅग यांचा ‘इन अवर टाइम’ अग्रभागी होता. तीन प्राध्यापक एका विषयावर पाऊण तास बोलत आहेत, आणि विषय आज एखादे ग्रीक नाटक तर पुढच्या आठवड्यात गणितातील एखादी संकल्पना, असे त्याचे स्वरूप. लोकप्रियतेच्या कोणत्याही प्रचलित कसोटीवर तो उतरण्यासारखा नव्हता. तरीही १९९८ मध्ये आरंभ झालेला हा कार्यक्रम हजाराहून अधिक भागांपर्यंत पोहोचला आणि ब्रॅग २०२५ पर्यंत त्याच्या सूत्रसंचालकपदी राहिले. त्याच्या व्यवस्थेकडे बारकाईने पाहिले असता तीन गोष्टी दिसतात. वार गुरुवार, तो कायम. उन्हाळ्यात सुट्टी, परंतु ती दरवर्षीची, श्रोत्यांना आधीपासून ठाऊक असलेली. आणि जुने भाग दप्तरात बांधून न ठेवता सर्वांना खुले. परिणामी आज नव्याने येणाऱ्या श्रोत्याला एक भाग आवडला, तर मागे शेकडो भागांचा संग्रह त्याची वाट पाहत असतो. कार्यक्रम खंडित होणे आणि तो जाहीर करून तहकूब करणे यांत श्रोत्याच्या दृष्टीने जमीनअस्मानाचा फरक आहे, ही गोष्ट या एका कार्यक्रमाने बिनतोड सिद्ध केली.

जून २००५ मध्ये ॲपलने आयट्यून्समध्ये पॉडकास्टचा समावेश केला आणि पहिल्या दोनच दिवसांत दहा लाखांवर सबस्क्रिप्शनांची नोंद झाली. दालन उघडताच गर्दी झाली. पण त्या गर्दीबरोबरच या माध्यमाचा जुनाट रोगही जडला. उत्साहाच्या भरात रोजचा किंवा आठवड्यातून तीनदा येण्याचा वायदा करावयाचा, पहिले काही भाग धडाक्याने काढावयाचे, मग संकलनाला लागणारे तास आणि पाहुण्यांच्या सवडी यांचा मेळ बसेनासा झाला, की एके दिवशी काहीही न सांगता थांबावयाचे; अशा अर्ध्यावर टाकलेल्या मालिकांनी त्या काळच्या याद्या भरून गेल्या आहेत. त्यांतील पुष्कळ निर्मात्यांना बोलता येत नव्हते असे नाही. त्यांनी आपल्या कुवतीबाहेरची मुदत स्वीकारली होती, इतकेच. ज्यांनी आठवड्याला एक, किंवा पंधरवड्याला एक, एवढाच वायदा केला, आरंभापूर्वीच चारदोन भाग तयार करून ठेवले आणि आजारपण, सण, प्रवास यांसाठी एखादा भाग शिलकीत राखला, ते टिकले. आणि या माध्यमात टिकणे हीच वाढीची पहिली अट ठरली.

या शिस्तीला एक तांत्रिक बाजूही आहे. फीडमधील प्रत्येक भागाला एक कायमचा ओळखक्रमांक असतो. भागाचे शीर्षक सुधारले, वर्णनातील चूक दुरुस्त केली, तरी चालते. परंतु अनवधानाने हा क्रमांक बदलला, तर श्रोत्याच्या फोनवर जुनाच भाग नवा म्हणून पुन्हा दाखल होतो, आणि शंभर भागांचे क्रमांक एकदम बदलले तर तोच पसारा शंभरपट होतो. तीच गत फीडच्या पत्त्याची. फाईली ठेवण्याची सेवा बदलावयाची असेल, तर घर बदलताना टपाल कचेरीत नवा पत्ता देऊन ठेवावा, तसा जुन्या फीडवरून नव्याकडे कायमचा निर्देश लावून ठेवावा लागतो. तो लावण्यापूर्वीच जुने खाते बंद केले, तर वर्षानुवर्षे जमविलेला श्रोता एका रात्रीत तुटतो, आणि त्याला कळविण्याचे साधनही निर्मात्यापाशी उरत नाही, कारण श्रोत्याचे नाव-गाव त्याला कधी ठाऊकच नव्हते.

ऑक्टोबर २०१४ मध्ये ‘सीरियल’ आले, आणि या माध्यमाच्या इतिहासाचे दोन खंड पडले. सेरा कोनिग यांनी बॉल्टिमोरमधील एका जुन्या खून-खटल्याचा केलेला हा शोध बारा भागांत उलगडला. त्या काळच्या लेखांत कथनाच्या गुणांची चर्चा भरपूर झाली. प्रसिद्धीच्या योजनेकडे मात्र थोड्यांचेच लक्ष गेले. ३ ऑक्टोबरला एकाच दिवशी दोन भाग प्रसिद्ध झाले, म्हणजे पहिला ऐकून ज्याचे कुतूहल चाळवले, त्याच्या हाती लगेच दुसरा होता. लवकरच गुरुवार हा वार ठरून गेला. आणि पहिला भाग ‘धिस अमेरिकन लाइफ’ या प्रतिष्ठित रेडिओ कार्यक्रमातही सादर झाल्यामुळे अशा प्रकारचे कथन ऐकण्याची सवय असलेला मोठा श्रोतृवर्ग पहिल्याच दिवशी लाभला. पन्नास लाख डाउनलोडांचा टप्पा यापूर्वी कोणत्याही पॉडकास्टने आयट्यून्सवर इतक्या त्वरेने गाठला नव्हता. पुढे पीबडी पारितोषिकही त्याच्या वाट्याला आले.

दोन भागांमधले सात दिवस रिकामे नसतात, हे ‘सीरियल’ने दाखविले. श्रोते त्या दिवसांत आपसांत तर्क लढवीत, ज्याने ऐकले नाही त्याला ऐकावयास लावीत, आणि गुरुवार येईतो श्रोत्यांत नव्या माणसांची भर पडलेली असे. दुसऱ्या पर्वात, जानेवारी २०१६ मध्ये, मालिका अधिक संशोधनासाठी आठवड्याऐवजी पंधरवड्याने येऊ लागली. पण तो बदल मुकाट्याने न करता त्याची घोषणा केली गेली, हे लक्षात घेण्यासारखे आहे. याच मंडळींनी मार्च २०१७ मध्ये ‘एस-टाउन’चे सातही भाग एकाच दिवशी खुले केले आणि चार दिवसांत एक कोट डाउनलोडांची नोंद झाली. यावरून साप्ताहिक शिरस्ता निरर्थक ठरतो, असा निष्कर्ष काही उतावळ्यांनी काढला. वस्तुस्थिती अशी, की त्या सात भागांची वर्दी देण्यास ‘सीरियल’ आणि ‘धिस अमेरिकन लाइफ’ यांची फीडे हाताशी होती. अनेक वर्षे वेळ पाळून मिळविलेला विश्वास एका दिवसात वापरण्यात आला. ज्याच्या गाठी असा विश्वास नाही, त्याने हे अनुकरण केले तर सातही भाग एकाच आठवड्यात विस्मृतीत जाण्याचा संभव अधिक.

याच वर्षी, १ फेब्रुवारीला, न्यूयॉर्क टाइम्सने मायकेल बार्बारो यांच्या निवेदनाखाली ‘द डेली’ सुरू केले. आठवड्याचे पाच दिवस, सकाळी सहापर्यंत, सुमारे वीस ते तीस मिनिटे, असा त्याचा शिरस्ता. येथे वाराच्या जोडीला घड्याळ आले. कामावर निघालेल्या माणसाच्या प्रवासात जेवढा वेळ मावतो तेवढाच भाग, आणि तो निघण्यापूर्वीच हजर, ही योजना त्यात आहे. मराठी निर्मात्यांनी या घड्याळाचा आणखी एक अर्थ ध्यानात घ्यावा. भारतात सकाळी सहाला प्रसिद्ध केलेला भाग न्यू जर्सीतील मराठी कुटुंबाला उन्हाळ्यात आदल्या दिवशी रात्री साडेआठला आणि हिवाळ्यात साडेसातला मिळतो. म्हणजे पुण्यातील प्रभातफेरी आणि तिकडील जेवणानंतरचा निवांतपणा ही दोन्ही एकाच मुहूर्तावर साधतात.

आपल्याकडे या माध्यमाला बळ आले ते २०१६ च्या सप्टेंबरात जिओच्या आगमनानंतर मोबाइल डेटा मुबलक आणि स्वस्त झाला तेव्हा. स्टोरीटेलने २०१७ च्या अखेरीस मराठीसह भारतात पाऊल टाकले, आणि कानांनी वाचणारा एक वर्ग आपल्यात तयार झाला. त्याच वर्षाच्या जानेवारीत अमित वर्मा यांचे ‘द सीन अँड द अनसीन’ हे इंग्रजी पॉडकास्ट सुरू झाले होते. आरंभी त्याचे भाग वीसेक मिनिटांचे असत. कालांतराने ते तासांवर आणि पुढे पाच-पाच तासांच्याही पलीकडे गेले. लांबी वाढली की श्रोता पळतो, हा व्यवसायातील रूढ समज येथे खोटा ठरला. परंतु लांबी बदलत असतानाही वर्षानुवर्षे दर आठवड्याला भाग येत राहिला, आणि प्रत्येक भागासोबत संभाषणात आलेल्या ग्रंथांची व लेखांची सविस्तर फेरिस्त जोडलेली असे. ही फेरिस्त म्हणजे केवळ सौजन्य नव्हे. एखाद्या ग्रंथाचा किंवा विद्वानाचा शोध घेणारा परका मनुष्य तिच्या द्वारे त्या भागापर्यंत येऊन पोहोचतो. ज्यांची शीर्षके ‘भाग ४७’ एवढ्यावरच संपतात आणि वर्णनाची जागा कोरी राहते, ते हे दार स्वतःच्या हाताने बंद करून घेतात.

मराठी श्रोत्याला मात्र या शिरस्त्याची ओळख नव्याने करून देण्याची गरज नव्हती. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीच्या दिवशी, पुणे आकाशवाणीवरून ‘गीतरामायणा’चे पहिले गीत प्रसृत झाले आणि पुढे वर्षभर दर आठवड्याला नवे गीत येत राहिले. शुक्रवारी सकाळी ते प्रथम लागे आणि शनिवारी-रविवारी पुन्हा ऐकविले जाई. त्या वर्षी अधिकमास आल्यामुळे गीतांची संख्या छप्पन्न झाली. गदिमांची लेखणी आणि बाबूजींचा स्वर यांना तोड नव्हती, हे निर्विवाद. तथापि ठरलेला वार, ठरलेली वेळ आणि चुकलेल्यांसाठी पुनःप्रक्षेपण, ही जी व्यवस्था केंद्राने राखली, तिच्यामुळेच ते गीत घरोघरीच्या सकाळचा भाग होऊ शकले. आज पुनःप्रक्षेपणाचे काम फीड करते. वार आणि वेळ यांचे काम मात्र निर्मात्यालाच करावे लागते.

या सर्व वाटचालीत मोजणीची पद्धतही पक्व होत गेली. पूर्वी फाईल मागितल्याची प्रत्येक नोंद श्रोता म्हणून गणली जाई. २०१७ च्या अखेरीस अमेरिकेतील जाहिरात-व्यवसायाच्या आयएबी या संस्थेने सुधारित नियम प्रसिद्ध केले : निदान एक मिनिटाचा मजकूर उतरलेला असावा, आणि त्याच यंत्राने चोवीस तासांत पुनःपुन्हा केलेली मागणी एकच धरावी. मग सप्टेंबर २०२३ मध्ये आलेल्या आयओएस १७ मध्ये ॲपलने आपोआप डाउनलोड होण्याचे नियम आवळले. ऐकणे सोडून दिलेल्या माणसाच्या फोनवर भाग साठत राहण्याला आळा बसला, आणि पुष्कळ मोठ्या मालिकांचे आकडे खाली आले. श्रोते मात्र तेवढेच होते. गेला तो जमेच्या बाजूला धरलेला भ्रम. ज्यांनी एकूण डाउनलोडांपेक्षा प्रत्येक भाग पहिल्या सात दिवसांत किती जणांनी घेतला आणि किती जण शेवटापर्यंत टिकले याची नोंद ठेवली होती, त्यांना या घसरणीचा अर्थ लावणे सोपे गेले.

आता पॉडकास्ट पाहिलेही जाते. फेब्रुवारी २०२५ मध्ये यूट्यूबने आपल्याकडे महिन्याला शंभर कोटींहून अधिक लोक पॉडकास्टसाठी येतात असे जाहीर केले, आणि पुण्या-मुंबईतील मराठी गप्पांचे बहुतेक कार्यक्रम आज तेथेच भेटतात. तेथे काय दाखवावे हे यंत्राची शिफारस ठरविते, त्यामुळे वार आणि वेळ यांचा जमाना संपला, असे म्हणणारे आहेत. त्यांत तथ्यांश एवढाच, की अपरिचित माणूस आता छोट्या चित्रफितीवरून किंवा शिफारशीवरून येतो. परंतु शिफारस त्याला एकदाच आणून सोडते. दुसऱ्यांदा यावयाचे ते त्याने स्वतःच ठरवावयाचे असते, आणि ते ठरविण्यास पुढचा भाग केव्हा येणार हे त्याला ठाऊक असावे लागते. म्हणून नव्याने आरंभ करू इच्छिणाऱ्याने माइक घेण्यापूर्वी कागदावर एक मुदत लिहावी, ती आपल्या उत्साहाच्या दिवसांवरून न ठरवता अडचणीच्या दिवसांवरून ठरवावी, आणि ती पंधरवड्याची निघाली तर पंधरवड्याचीच श्रोत्यांना सांगावी.