धुळीला बसायला वेळ द्या

पाडवा आठवड्यावर आला की आमच्याकडे माळ्यावरचं जुनं स्टूल खाली उतरतं. त्यावर चढून पंख्याकडे जवळून पाहिलं की दरवर्षी तोच प्रश्न पडतो. वर्षभर पाचावर गरगरणाऱ्या या पंख्याच्या कडेला लोकरीसारखा काळपट थर साचतोच कसा? घराला वारा घालणाऱ्या वस्तूवरच सगळ्यात जास्त धूळ!

१२०० मिलिमीटरचा साधा पंखा मिनिटाला ३५० फेरे घेत असेल, तर पात्याचं टोक ताशी ८० किलोमीटरच्या आसपास पळत असतं. म्हणजे हायवेवरच्या मोटारसायकलचा वेग. तरी धूळ उडत नाही, कारण पात्याला अगदी लगटून असलेली हवा पात्याबरोबरच फिरते. पात्यावर बसलेल्या कणाला वारा लागतच नाही. लुडविग प्रांटल या जर्मन शास्त्रज्ञानं १९०४ मध्ये हायडेलबर्गच्या गणित परिषदेत हा 'सीमास्तर' मांडला आणि पुढे विमानाच्या पंखांचा अभ्यास त्यावर उभा राहिला. आपल्याकडे त्याच्या आडोशाला धूळ निवांत बसते. पात्याची पुढची कड हवा कापत जाते तेव्हा हवा वळून बाजूला होते, पण जरा जड कणाला तितक्या चटकन वळता येत नाही. तो कडेवर आदळतो आणि तिथंच चिकटतो. स्वयंपाकघर जवळ असेल तर फोडणीबरोबर उडालेलं तेल खळीचं काम करतं.

यावर उपाय म्हणजे उशीचा जुना अभ्रा. तो पात्यावर मोज्यासारखा चढवायचा आणि दोन्हीकडून दाबून ओढून घ्यायचा. धूळ अभ्र्याच्या आत राहते. फडक्यानं झटकली तर ती हवेत जाते, आणि मग खरी गंमत सुरू होते.

१० मायक्रॉनचा कण, म्हणजे केसाच्या जाडीच्या साधारण सातव्या हिश्श्याएवढा, स्थिर हवेत सेकंदाला जेमतेम ३ मिलिमीटर खाली येतो. दोन मीटरवरून जमिनीवर यायला त्याला ११ मिनिटं लागतात. एका मायक्रॉनच्या कणाला तेवढ्याच उंचीवरून सुमारे १६ तास! आणि घरातली हवा स्थिर कुठे असते? कुणी नुसतं चालत गेलं तरी बसू पाहणारे कण पुन्हा वर उठतात. म्हणून जाळीजळमटं काढून लगेच फरशी पुसली की संध्याकाळी टीव्हीवर पुन्हा बोट उमटतं. आई म्हणायची, "वरचं आवरलं ना? आता चहा घ्या, मग फरशी." तिचा हेतू चहाचाच असणार, पण अर्ध्या तासाचा तो खंड अगदी शास्त्रशुद्ध होता. मधे खिडकीतून कवडसा येत असेल तर त्यात बघावं. कणांची गर्दी विरळ झाली की पोछा हातात घ्यायचा. ओलं फडकं कण धरून ठेवतं. कोरडी केरसुणी त्यातले बारीक कण नुसते जागचे उठवते.

गाद्यागोधड्यांचा प्रश्न निराळा. तिथं नुसती धूळ नसते, धुळीवर जगणारं बिऱ्हाड असतं. डस्ट माइट हा आठ पायांचा, गोचिडीचा दूरचा भाऊबंद. लांबी पाव मिलिमीटरच्या आसपास, त्यामुळे डोळ्यांना दिसत नाही. आपल्या अंगावरून गळणारे कातडीचे सूक्ष्म पापुद्रे हे त्याचं जेवण. घरातल्या धुळीनं होणाऱ्या दम्याचं आणि शिंकांचं मूळ या किड्यापाशी आहे, हे नेदरलँड्समधल्या लायडनच्या संशोधकांनी १९६० च्या दशकात दाखवलं.

हा प्राणी पाणी पीत नाही. त्याच्या पुढच्या पायांच्या बुडाशी ग्रंथी असतात आणि त्यांतला खारट द्रव हवेतली वाफ ओढून घेतो. पावसाळ्यात बरणीतलं मीठ पाझरतं, तोच प्रकार. हवेतली आर्द्रता निम्म्याच्या बरीच खाली गेली की ते मीठ सुकतं आणि माइट कोरडा पडतो. पुण्या-नगरकडे मार्चच्या दुपारी आर्द्रता सहज तीस टक्क्यांच्या खाली उतरते. त्यात गच्चीवरचं कडक ऊन. पातळ गोधडी दोन्ही बाजूंनी उलटून तापवली तर माइटला याहून वाईट दिवस नाहीत. मुंबई-कोकणात मात्र समुद्र ही मदत करू देत नाही. तिथं साठ अंशांच्या गरम पाण्यात चादरी-अभ्रे धुणं जास्त भरवशाचं.

पण माइट मेला म्हणजे काम संपलं असं नाही. त्रास देतात ती मुख्यतः त्याच्या विष्ठेतली प्रथिनं, आणि ती उन्हानं कुठे जात नाहीत. म्हणून गोधडी वाळवल्यावर काठीनं बडवायची, तीही गच्चीवर, वाऱ्याकडे पाठ करून आणि नाकाला रुमाल बांधून. घरात दम्याचं माणूस असेल तर हे काम त्याच्याकडे नको.

ओट्यामागच्या फरशांवरचा पिवळा चिकट थर साबणाला दाद देत नाही, कारण ते आता नुसतं तेल नसतं. हवेतल्या ऑक्सिजनशी जोडलं जाऊन त्याचं वॉर्निशसारखं जाळं झालेलं असतं. धुण्याच्या सोड्याचं गरम पाणी फडक्यानं लावून दहा मिनिटं ठेवा. अल्कली ते जाळं सैल करते. हातात मोजे मात्र हवेत.

संडास-मोरी घासताना एकच गोष्ट पाळायची: ब्लीच आणि टॉयलेटचं ॲसिड एकत्र आणायचं नाही. दोन्ही जोरदार, म्हणून दोन्ही ओतली, हा हिशेब अंगाशी येतो. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि दार लावलेल्या मोरीत तो थेट फुप्फुसांवर जातो.

सगळ्यात शेवटी, पाडव्याच्या आदल्या रात्री, गुढीचा तांब्या. चिंचेच्या कोळात मीठ मिसळून चोळलं की काळपटपणा बघता बघता उतरतो. चिंचेतलं टार्टारिक आम्ल तांब्यावरचा ऑक्साइड विरघळवतं, मीठ त्या कामाला वेग देतं. मग भरपूर पाण्यानं धुऊन लगेच कोरड्या फडक्यानं पुसायचा. ओला तसाच उपडा ठेवला, की सकाळी काठीवर चढवताना त्यावर थेंबाथेंबांचे डाग दिसतात आणि पुन्हा चिंच भिजवत बसावं लागतं.