पाहुण्यांसाठीं जादा बिछाना

अंथरूण पाहून पाय पसरावे, ही म्हण माणसाला त्याच्या खर्चाबद्दल बजावण्यासाठीं निघाली. परंतु आपलें लहानसें घर चार दिवसांच्या पाहुण्यांस भाड्यानें देणाऱ्या गृहस्थाला तिचा उलटा अर्थ ध्यानांत ठेवावा लागतो. त्याच्याकडे येणारा पाहुणा पैसे मोजून येतो. म्हणून त्याचे पाय केवढे आहेत तें पाहूनच अंथरूण सिद्ध ठेवणें हें घरधन्याचें काम ठरतें.

कोंकणच्या किनाऱ्यावर अलिबाग, दापोली, मालवण अशा ठिकाणीं मुंबई-पुण्याकडचीं कुटुंबें सुटीसाठीं येतात व अशा घरांतून उतरतात. कुटुंब म्हणजे केवळ नवराबायको नव्हेत. बरोबर दोन मुलें आणि पुष्कळदां आजीहि असते. घर मात्र एक निजावयाची खोली आणि एक बैठकीची खोली एवढेंच. आंतल्या पलंगावर दोघें निजलीं तरी उरलेल्या तिघांची सोय बैठकीच्या खोलींत करावी लागते. जादा बिछान्याचा प्रश्न उभा राहतो तो येथें.

या बाबतींत पुष्कळांची चूक अशी होते कीं, ते दुकानांत जाऊन आधीं पलंग पसंत करतात आणि खोली मागाहून मोजतात. समजा, बैठकीची खोली १२ फूट लांब व १० फूट रुंद आहे. लांब भिंतीशीं ठेवलेला सोफा-कम-बेड पुढें ओढून उघडला म्हणजे तो भिंतीपासून सुमारें ७ फूट जागा व्यापतो. राहिले ३ फूट. समोरच्या भिंतीशीं दीड फूट खोलीचें कपाट असेल, तर वाट उरते ती अवघी दीड फुटाची. मध्यरात्रीं न्हाणीघराकडे निघालेल्या म्हातारीला, परक्या घरांत, अंधारांत, याच वाटेनें जावयाचें असतें. म्हणून पहिला नियम असा कीं, सर्व बिछाने पसरल्यावरहि घराच्या दारापर्यंत व न्हाणीघरापर्यंत निदान २ फुटांची वाट मोकळी राहिली पाहिजे. खरेदीपूर्वीं बिछान्याच्या मापाची चौकट खडूनें जमिनीवर आखून पाहावी. दुकानांतील मोठ्या दालनांत जो पलंग आटोपशीर दिसतो, तो या चौकटींत आपलें खरें रूप दाखवितो.

दुसरा विचार निजणाऱ्याचा. गुडघे दुखणाऱ्या माणसाला जमिनीवरील गादीवरून उठणें ही शिक्षाच होय. त्याच्यासाठीं गादीसकट सुमारें १८ इंच उंचीची, न डळमळणारी खाट पाहिजे. मुलांना मात्र जमिनीवरची गादीच उत्तम. तेथून पडण्याचें भय नाहीं. उंच तरुणासाठीं लांबी पाहावी. बाजारांत ७२, ७५ व ७८ इंच लांबीच्या गाद्या मिळतात. ६ फूट उंचीच्या माणसाचे पाय ७२ इंचांच्या गादीबाहेर लोंबतात.

दुमजली पलंग जागा वांचवितो, हें खरें. परंतु वरच्या मजल्यावर सहा वर्षांखालील मूल निजवूं नये आणि दोन्ही बाजूंस कठडा असावा. शिवाय आपल्याकडे छताला पंखा असतो. वरच्या बिछान्यावर उठून बसलेल्या मुलाचा हात पंख्याच्या पात्यापर्यंत पोंचत असेल, तर तो पलंग त्या खोलींत आणूंच नये.

घडीच्या व लपणाऱ्या बिछान्यांचा इतिहास मनोरंजक आहे. विसाव्या शतकाच्या आरंभीं अमेरिकेंतील सॅन फ्रान्सिस्को शहरीं विल्यम मर्फी या गृहस्थानें, एका खोलीच्या घरासाठीं, दिवसा कपाटांत उभा राहणारा पलंग प्रचारांत आणला. त्याच शहरांत २००७ सालीं ब्रायन चेस्की व जो गेबिया या दोघा तरुणांनीं आपल्या भाड्याच्या घरांत हवेच्या तीन गाद्या टाकून परक्या पाहुण्यांची सोय केली. त्यांतूनच एअरबीएनबी ही आज जगभर चालणारी कंपनी निघाली. परंतु दोन्ही युक्त्या आपल्या घरांत तशाच चालतील असें नाहीं. मर्फीचा पलंग पुढें कोसळूं नये म्हणून भिंतीला बोल्टांनीं पक्का जखडावा लागतो, आणि पोकळ विटांची पातळ भिंत बोल्ट नीट धरीत नाहीं. हवेच्या गादीला बारीक भोंक पडलें कीं पहांटेस निजणारा जमिनीला टेकतो. शिवाय प्लॅस्टिकमध्यें घाम जिरत नाहीं.

किनाऱ्यावरील हवेचाहि विचार केला पाहिजे. खाऱ्या वाऱ्यानें लोखंडी घडीची खाट गंजते. तिचे सांधे व बिजागऱ्या वारंवार पाहाव्या, कारण गंजलेली बिजागरी भार पडल्यावर दगा देते. कापसाची गादी पावसाळ्यांत ओल धरते. तिला ऊन दाखविण्यास गच्ची किंवा अंगण नसेल तर ती घेऊं नये. काथ्याची गादी कडक असते, पण तिच्यांतून हवा खेळते. फोमची घ्यावयाची तर तिची घनता विचारावी. घनता ३२ म्हणजे त्या फोमच्या एका घनमीटराचें वजन ३२ किलो. हा आंकडा फार कमी असेल, तर रोजच्या वापरानें गादीला लौकरच खळगा पडतो.

अनेक घरांचीं माणसें जेथें निजतात तेथें ढेंकूण कोणाच्या तरी सामानांतून येणारच, असें धरून चालावें. त्याला सांधे, फटी व शिवणी प्रिय असतात आणि रक्तावांचून तो कित्येक महिने तग धरतो. म्हणून कमी फटींची खाट, चोहोंकडून चेन लावतां येणारी खोळ आणि पांढरी चादर पसंत करावी. पांढऱ्यावर काळे डाग चटकन दिसतात. प्रत्येक पाहुणा गेल्यावर शिवणी तपासाव्या आणि चादरी कढत पाण्यांत धुवाव्या.

या सर्वांचा मेळ घातला तर वरील खोलीसाठीं साधी योजना पुरते: भिंतीशीं ३ फूट रुंदीची एक कायमची खाट, जी दिवसा बैठकीचें काम करील, आणि तिच्याखालीं सारून ठेवतां येतील अशा मुलांसाठीं दोन पातळ गाद्या. पंख्याचा वारा व डासांची जाळी तिघांनाहि मिळते कीं नाहीं, हें घरधन्यानें स्वतः एक रात्र तेथें निजून पाहावें.

शेवटचा मुद्दा हिशेबाचा आहे. आणखी एक गादी टाकली कीं आणखी एक भाडेकरू मिळाला, असें वरवर वाटतें. पण वाट अडली, वारा तुटला आणि एका म्हातारीचा पाय घसरला, तर त्या एका गादीची मिळकत कोठल्या कोठें जाते. घरांत किती जण राहूं शकतात हें बिछाने मोजून ठरत नसतें. किती जण सुखानें निजून सुखरूप उठतात, यावरून तें ठरतें. तोच आंकडा जाहिरातींत लिहावा, आणि त्याहून अधिक माणसें येऊं लागलीं तर नम्रपणें नाहीं म्हणावें.