दगडातली सुतारकी

चेन्नईच्या अंबत्तूरला लागूनच तिरुमुल्लैवायल आहे. तिथल्या मासिलामणीश्वर मंदिरात गाभाऱ्यासमोर दोन खांब आहेत, आणि ते रुईचे आहेत असं सांगतात. शनिवारी मारुतीला जिच्या पानांची माळ घालतो, तीच रुई! एवढ्याशा झुडपाचा खांब कसा झाला, हे भाविकांनी श्रद्धेवर सोडलंय, आपणही सोडू. कथा अशी की, तोंडैमान राजाने कुरुंबरांना हरवलं आणि त्यांच्या किल्ल्यातले हे खांब विजयाची खूण म्हणून देवापुढे उभे केले. राजाच्या मदतीला निघालेला नंदी अजूनही देवाकडे पाठ करून बसला आहे.

कथा बाजूला ठेवली तरी मंदिरांचे खांब आधी लाकडाचे असत, हे खरंच. सातव्या शतकाच्या सुरुवातीला पल्लव राजा महेंद्रवर्मन याने मंडगपट्टूला गुहामंदिर कोरवलं आणि विटा, लाकूड, धातू, चुना यांपैकी काहीही न वापरता ते केलं, असं शिलालेखात लिहवून घेतलं. पण तिथल्या खांबांचा घाट सुतारकीचाच: खाली-वर चौकोनी, मधे अठपैलू. वासा रंधताना सुतार कडा मारतो, तसा.

अठपैलू रेखायची एक साधी युक्ती आहे. चौरसाच्या अर्ध्या कर्णाइतकी दोरी घ्यायची. ती प्रत्येक कोपऱ्यावर धरून लगतच्या दोन्ही बाजूंवर खूण करायची. आठ खुणा मिळतात; त्या जोडून कोपरे छाटले की आठही बाजू समान. शिल्पशास्त्रात चौकोनी खांब ब्रह्मकांत आणि अठपैलू विष्णुकांत.

गुहा डोंगरातच कोरतात, बांधीव मंदिरात मात्र दगड खाणीतून काढावा लागतो. ओळीने भोकं पाडायची, लोखंडी पाचरी ठोकायच्या, की दगड रेषेत फुटतो. खांबाच्या डोक्यावर कूस, वरच्या दगडात खाच. चुन्याची गरज नसते, छताचं वजनच सगळं दाबून धरतं.

खरी हुशारी मात्र खांबाच्या माथ्यावर आहे. ग्रॅनाइट दाब भरपूर सोसतो. ताण सोसण्याची ताकद जेमतेम त्याच्या दहाव्या हिश्शाएवढी. म्हणून दगडी तुळई लांब ठेवली की खालच्या अंगाने तडकते. त्यावर उपाय म्हणजे आपल्या वाड्यांत असतो तो हस्त, तमिळमध्ये पोदिगै. तो दोन्हीकडे पुढे येतो आणि तुळईचं मोकळं अंतर कमी करतो.

गुहेत तर सगळा डोंगर एकसंध, तिथे हस्ताचं काही काम नाही. तरीही तो कोरलाच! इमारत म्हणजे खांब, हस्त, तुळई, अशी पाथरवटाची नजर बसलेली होती. पुढे पल्लवांनी खांबाच्या तळाशी बसका सिंह आणला. तो भार पेलण्यासाठी नव्हे, राजाचा दिमाख मिरवण्यासाठी.

मामल्लपुरमला गेलात तर वराह मंडपात हे सिंह पाहाच. मात्र फोटो काढण्याआधी मान वर करून हस्त बघा.