आपापल्यात राहणं, की ठेवलं जाणं?

शिकागोच्या रेड लाइन ट्रेनने उत्तरेकडून दक्षिणेला निघालात, की डाउनटाउननंतर डब्यातले गोरे प्रवासी झपाट्याने कमी होतात.

सोबतचा मित्र म्हणाला, "लोकांना आपल्या माणसांत राहायला आवडतं, दुसरं काय!"

एवढं सोपं नाही ते. १९३०च्या दशकात सरकारी नकाशांवर कृष्णवर्णीयांच्या वस्त्या लाल रंगवल्या गेल्या. तिथे गृहकर्ज मिळणं मुश्कील. डेट्रॉइटमध्ये तर १९४१ साली एका बिल्डरने कृष्णवर्णीयांच्या वस्तीलगत सहा फुटी भिंतच घातली, तेव्हा कुठे गोऱ्यांसाठीच्या त्याच्या घरांना सरकारी कर्जहमी मिळाली! भिंत अजून आहे. आता तिच्यावर रंगीत चित्रं आहेत.

१९६८च्या कायद्याने घरं भाड्याने देताना किंवा विकताना वंशभेद करायला बंदी आली. पण तोवर घरांच्या किमतीतून साठणारी पुंजी बहुतेक एकाच बाजूला जमली होती. आवडनिवड त्यानंतरची, असं माझं मत.