ऐकू येत नाही म्हणून शिकणं का थांबावं?

रात्री सगळे जेवायला बसले आहेत. कुणीतरी ऑफिसमधला किस्सा सांगतं आणि सगळे हसतात. ताटावरून मान वर करून एकच व्यक्ती खुणेनं विचारते, ‘काय झालं?’ उत्तर मिळतं, ‘काही नाही, नंतर सांगते.’ ते ‘नंतर’ बहुतेक वेळा येतच नाही.

ही व्यक्ती तुमची नणंद असू शकते, धाकटा दीर असू शकतो, मावसभाऊ किंवा तुमचा स्वतःचा तिशीतला मुलगाही असू शकतो. घरात तिच्यावर सगळ्यांचं प्रेम असतं, जेवणखाण आणि औषधपाण्याकडे नीट लक्ष असतं. पण दहावीच्या आधी किंवा दहावीनंतर तिचं शिक्षण थांबलं ते थांबलंच. बँकेचं पत्र आलं की भाऊ वाचतो. सही कुठे करायची ते वडील बोटानं दाखवतात. मोबाइलवर आलेला ओटीपी दुसराच कुणी बघतो. आईवडील आहेत तोवर हे निभावतं. त्यांच्यानंतर काय, हा प्रश्न प्रत्येक घराला पडतो, पण त्यावर मोकळेपणानं बोललं जात नाही.

२०११ च्या जनगणनेनुसार भारतात श्रवणदोष असलेल्या व्यक्तींची संख्या ५० लाखांहून अधिक होती. त्यात मोठ्या संख्येनं प्रौढ स्त्रीपुरुष आहेत. त्यांच्या शाळेची वर्षं मागे पडली आहेत, पण शिकण्याची वर्षं संपलेली नाहीत.

अडचण बुद्धीची नाही, भाषेची आहे

कर्णबधिर व्यक्तीनं लिहिलेला मेसेज वाचून अनेकांचा गैरसमज होतो. ‘मी उद्या बाजार जाणे’ असं वाक्य दिसलं की वाटतं, याला फारसं समजत नसावं. खरं कारण वेगळं आहे.

ऐकू येणारं मूल भाषा शिकतं ते मुख्यतः कानावर पडणाऱ्या बोलण्यातून. आईचं बोलणं, शेजारणीचं भांडण, टीव्हीवरची मालिका यातून शाळेत जाण्याआधीच त्याच्याकडे हजारो शब्द जमा होतात. बहुतेक कर्णबधिर मुलं ऐकू येणाऱ्या आईवडिलांच्या पोटी जन्मतात. घरात कुणालाच सांकेतिक भाषा येत नसल्यानं पहिल्या चारपाच वर्षांत त्यांना कुठलीच भाषा पूर्णपणे मिळत नाही.

पुढे शाळेतही अनेक वर्षं भर राहिला तो बोलायला शिकवण्यावर आणि ओठ वाचण्यावर. १८८० मध्ये इटलीतल्या मिलान शहरात भरलेल्या परिषदेत कर्णबधिर मुलांना बोलण्याच्या पद्धतीनंच शिकवावं असा ठराव झाला. त्याचा परिणाम जगभरच्या शाळांवर दीर्घकाळ राहिला. एक अक्षर नीट उच्चारता यावं म्हणून महिने गेले आणि इतिहास, गणित, विज्ञान मागे पडलं.

भारतीय सांकेतिक भाषेला स्वतःचं व्याकरण आहे. ‘तू कुठे राहतोस?’ हा प्रश्न त्या भाषेत साधारण ‘तू राहणे कुठे’ अशा क्रमानं येतो, कारण प्रश्नाचा शब्द शेवटी असतो. ‘ने’, ‘ला’, ‘चा’ यांसारखे प्रत्यय तिथे मराठीसारखे नसतात. म्हणूनच लिहिलेली मराठी ही कर्णबधिर व्यक्तीसाठी परकी भाषा शिकण्यासारखी असते, तीही कधीच न ऐकता. हे लक्षात घेतलं की चुका काढण्याऐवजी मदत करावीशी वाटते.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी घरांत तर ही अडचण आणखी वाढते. वडोदऱ्यात घरी मराठी, बाहेर गुजराती आणि सरकारी कागद हिंदी-इंग्रजीत. बंगळुरूत त्यात कन्नडची भर. ओठ वाचणाऱ्यासमोर एकाच दिवसात तीन भाषांचे ओठ हलत असतात. अशा वेळी एक लिखित भाषा पक्की करायची असं ठरवा. जिथे राहायचं आणि नोकरी करायची आहे तिथे उपयोगी पडेल ती निवडा. सांकेतिक भाषेचा फायदा इथेच दिसतो. प्रांताप्रांतांत काही खुणा बदलतात, तरी इंदूरचा कर्णबधिर तरुण हैदराबादच्या तरुणाशी सहज गप्पा मारू शकतो.

दहावी-बारावी कुठून करायची?

शाळा सुटून पंधरा वर्षं झाली असतील तरी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा म्हणजेच एनआयओएसचा मार्ग खुला आहे. इथे दहावी-बारावीसाठी वयाची वरची मर्यादा नाही. एकदा प्रवेश घेतला की तो पाच वर्षं टिकतो. त्या काळात एकेक, दोनदोन विषय घेऊन परीक्षा देता येते. सगळे विषय एकाच वेळी द्यायची सक्ती नसल्यानं घरकाम किंवा नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांना हे सोयीचं पडतं.

सर्वांत मोठा बदल २०२१ मध्ये झाला. एनआयओएसनं माध्यमिक स्तरावर भारतीय सांकेतिक भाषा हा स्वतंत्र भाषाविषय म्हणून सुरू केला. म्हणजे ज्या भाषेत ही व्यक्ती विचार करते, तिच्यातच ती परीक्षा देऊ शकते. वर्षानुवर्षं भाषेच्या पेपरात नापास होणाऱ्याला यातून किती उभारी मिळते, याची कल्पना करून बघा.

अभ्यासासाठी साहित्यही वाढलं आहे. नवी दिल्लीतलं भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र २०१५ मध्ये स्थापन झालं. त्याच्या शब्दकोशाच्या २०२१ च्या तिसऱ्या आवृत्तीत १० हजार शब्द आहेत. त्यात रोजच्या शब्दांबरोबर कायदा, वैद्यक, शेती अशा क्षेत्रांतले शब्दही येतात. हे व्हिडिओ मोबाइलवर मोफत बघता येतात. एनसीईआरटीची पाठ्यपुस्तकं सांकेतिक भाषेत आणण्यासाठी या केंद्रानं २०२० मध्ये करार केला. डिसेंबर २०२४ पासून पीएम ई-विद्याची ३१ क्रमांकाची वाहिनी सांकेतिक भाषेसाठी आहे.

पदवी आणि व्यवसाय

बारावीनंतरही दारं बंद होत नाहीत. चेन्नईच्या अड्यार भागात कर्णबधिर विद्यार्थ्यांसाठी सेंट लुईस कॉलेज आहे. तिरुवनंतपुरमच्या ‘निश’ या संस्थेत कर्णबधिर विद्यार्थ्यांसाठी पदवी अभ्यासक्रम चालतात. मुंबईत वांद्रे इथे अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण दिव्यांगजन संस्था आहे. तिथे श्रवण तपासणीपासून मार्गदर्शनापर्यंत मदत मिळते.

एक अभ्यासक्रम मुद्दाम सांगायला हवा. सांकेतिक भाषा शिकवण्याची दोन वर्षांची पदविका खास कर्णबधिर उमेदवारांसाठीच आहे. तिला भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता आहे आणि बारावीनंतर ती करता येते. ज्याला आयुष्यभर ‘याला शिकवायचं कसं?’ असं ऐकवलं गेलं, तोच इथून शिक्षक होऊन बाहेर पडतो.

नोकरीच्या बाबतीतही चित्र बदलतं आहे. मुंबईत २००९ मध्ये सुरू झालेली मिरॅकल कुरिअर ही कंपनी कर्णबधिर कर्मचाऱ्यांच्या जोरावर उभी राहिली. लेमन ट्री हॉटेल्समध्ये स्वयंपाकघरापासून हाउसकीपिंगपर्यंत अनेक कर्णबधिर कर्मचारी काम करतात. केंद्र सरकारची दिव्यांगांसाठीची राष्ट्रीय करिअर सेवा केंद्रं वेगवेगळ्या शहरांत आहेत. तिथे कौशल्य तपासणी, प्रशिक्षण आणि नोकरीसाठी नोंदणी होते.

हक्क माहीत असू द्या

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ नुसार दोन्ही कानांत ७० डेसिबल किंवा त्याहून जास्त श्रवणदोष असलेली व्यक्ती बधिर आणि ६० ते ७० डेसिबल असलेली अल्पश्रवण मानली जाते. ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्वाचा दाखला असेल, तर सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान ५ टक्के जागा दिव्यांगांसाठी राखीव असतात. प्रवेशाच्या वयातही ५ वर्षांची सूट मिळते. मोठ्या वयात पुन्हा शिकू पाहणाऱ्यांसाठी ही सूट फार मोलाची आहे. सरकारी नोकऱ्यांत दिव्यांगांसाठी ४ टक्के आरक्षण आहे. त्यातला १ टक्का बधिर आणि अल्पश्रवण व्यक्तींसाठी आहे.

यासाठी पहिलं काम म्हणजे यूडीआयडी कार्ड काढणं. ऑनलाइन अर्ज करून सरकारी रुग्णालयात तपासणी होते. प्रवेश, शिष्यवृत्ती, नोकरी, सगळीकडे हेच कार्ड लागतं. ‘लोकांना कळेल, लग्नाला अडचण येईल’ म्हणून अनेक घरं मुलींचं कार्ड काढतच नाहीत. लपवून काहीच लपत नाही. फक्त मुलीच्या हातातली संधी जाते.

सप्टेंबर २०२३ मध्ये सारा सनी या कर्णबधिर वकील दुभाष्याच्या मदतीनं सर्वोच्च न्यायालयात उभ्या राहिल्या. देशाच्या सर्वांत मोठ्या न्यायालयात दुभाष्याला जागा मिळते, तर मुलाखतीत, परीक्षेच्या सूचना देताना किंवा डॉक्टरकडे जाताना तशी सोय मागण्यात संकोच कशाला? मात्र प्रशिक्षित दुभाषे अजून कमी आहेत, लहान शहरांत तर फारच कमी. म्हणून तारीख कळताच आधीपासून शोध घ्या. व्हिडिओ कॉलवरून मदत करणारा दुभाषाही चालू शकतो.

चाळिशीनंतर ऐकू येणं कमी झालं तर?

सगळेच जन्मतः कर्णबधिर नसतात. कुणाचं ऐकणं आजारपणानं, कुणाचं कारखान्यातल्या आवाजानं, कुणाचं वयानं कमी होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अंदाजानुसार २०५० पर्यंत जगात जवळपास २५० कोटी लोकांना कमी-अधिक प्रमाणात श्रवणदोष असेल.

अशा व्यक्तीला भाषा उत्तम येते, पण वर्गातलं किंवा मीटिंगमधलं बोलणं निसटतं. मग ती जाणंच बंद करते. तिच्या गरजा वेगळ्या असतात. श्रवणयंत्र हवंच, पण चष्मा लावला आणि लगेच दिसलं असं ते नसतं. मेंदूला सवय व्हायला काही आठवडे किंवा महिने लागतात. त्यामुळे पहिल्या आठवड्यातच यंत्र कपाटात टाकू नका. लाइव्ह ट्रान्सक्राइबसारखं ॲप समोरचं बोलणं मोबाइलवर अक्षरांत दाखवतं. ऑनलाइन वर्गात कॅप्शन सुरू ठेवा, प्रत्यक्ष वर्गात पुढची जागा घ्या आणि शिक्षकांना सांगा की फळ्याकडे तोंड करून बोलू नका.

घरच्यांनी काय करावं?

* खुणा शिका : रोज पाच शब्द पुरेत. सांकेतिक भाषा केंद्राचा शब्दकोश आणि प्राथमिक ऑनलाइन अभ्यासक्रम वापरा. शिकवणारी म्हणून घरातल्या कर्णबधिर व्यक्तीलाच बसवा. तिला पहिल्यांदाच सगळ्यांपेक्षा जास्त येत असेल.

* ओरडू नका : समोर उभं राहून, चेहऱ्यावर उजेड पडेल असं बोला. ओठांवरून सगळं कळत नाही. ‘पाट’ आणि ‘माठ’ बोलताना ओठ सारखेच दिसतात. महत्त्वाची गोष्ट लिहून दाखवा.

* अभ्यास थोडा पण रोज : अर्धा तास ठरवा. नवा शब्द, त्याचं चित्र, त्याची खूण आणि एक छोटं वाक्य एवढंच. कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘दूध आणलं का?’ असे साधे प्रश्न लिहून विचारा. उत्तर चुकलं तर टोकू नका. बरोबर वाक्य वापरून पुढचा मेसेज पाठवा.

* व्यवहार त्यांना करू द्या : बँकेत बरोबर जा, पण काउंटरवर त्यांना पुढे करा. स्लिप त्यांनाच भरू द्या. ओटीपी आणि पिन कुणालाही, अगदी घरच्यांनाही सांगायचा नाही हे नीट समजावा. समजल्याशिवाय सही करायची नाही हेही शिकवा. मालमत्तेच्या कागदांवर न वाचता सह्या घेतल्याचा त्रास पुढे त्यांनाच होतो.

* त्यांची माणसं मिळू द्या : शहरातल्या कर्णबधिर संघटनेत, सप्टेंबरमधल्या कर्णबधिर सप्ताहाच्या कार्यक्रमांत त्यांना जाऊ द्या. तिथे नोकरीची माहिती मिळते, अभ्यासाचे सोबती मिळतात. मुलगी आहे म्हणून अडवू नका. कोण, कुठे, किती वाजता हे विचारा आणि जाऊ द्या.

* सुनेच्या बाबतीत विशेष लक्ष द्या : कर्णबधिर सून घरात आली की तिला काम पटकन दाखवलं जातं, पण निर्णय सांगितले जात नाहीत. तिच्या नावाचं बँक खातं, तिचा स्वतःचा मोबाइल, माहेरी व्हिडिओ कॉल आणि राहिलेलं शिक्षण या गोष्टी लग्नाआधीच ठरवून घ्या.

पहिलं पाऊल

बरेच दिवस घरात बसलेली व्यक्ती शिकायला लगेच तयार होईलच असं नाही. शाळेत झालेला अपमान तिला आठवत असतो. ‘आता काय उपयोग?’ असं ती म्हणेल. तेव्हा दहावीचा फॉर्म समोर ठेवण्याऐवजी तिला काय हवं आहे ते विचारा. कुणाला स्वतःचं ब्युटी पार्लर काढायचं असेल, कुणाला मुलाचा अभ्यास घ्यायचा असेल, कुणाला फक्त स्वतःच्या औषधाची चिठ्ठी वाचता यायला हवी असेल. शिक्षणाची सुरुवात तिथूनच करा. दहावी-बारावी नंतर येईल.

यूडीआयडी कार्ड नसेल तर या आठवड्यात अर्ज भरा. असेल तर जवळचं एनआयओएसचं केंद्र शोधून प्रवेशाच्या तारखा विचारून या. जाताना मात्र त्या व्यक्तीला बरोबर घ्या आणि तिथे पहिला प्रश्न तिलाच, तिच्या भाषेत विचारू द्या.