पायांतील रक्तप्रवाहाचा ताळेबंद

चातुर्मासात बंद असलेली शत्रुंजयाची यात्रा कार्तिकी पौर्णिमेला पुन्हा सुरू होते आणि घरोघरी पालिताण्याचे बेत आखले जातात. पायथ्यापासून शिखरापर्यंत सुमारे 3,500 पायऱ्या. सम्मेदशिखरजीची वंदना करायची तर सुमारे 27 किलोमीटरची पायपीट. अनेक यात्रेकरू हे अंतर श्रद्धेने अनवाणी चालतात. निघण्यापूर्वी घरातील वडीलधाऱ्यांचा रक्तदाब मोजला जातो, हृदयाचा आलेख काढला जातो, औषधांची पिशवी भरली जाते. ज्या पायांवर सारी यात्रा व्हायची, त्यांच्याकडे मात्र सहसा कोणी पाहत नाही. घरात मधुमेह असेल तर ही उपेक्षा फार महागात पडू शकते.

दीर्घकाळच्या मधुमेहात पायांच्या, विशेषतः गुडघ्याखालील, धमन्या आतून अरुंद होत जातात. चालताना पोटरीत गोळा येणे आणि थांबल्यावर तो शमणे, हे त्याचे परिचित लक्षण. परंतु मधुमेही माणसात ते अनेकदा दिसतच नाही. एक तर मधुमेहाने मज्जातंतू बधिर झालेले असतात, त्यामुळे वेदना पोहोचत नाही. दुसरे कारण व्यापारी घरांच्या दिनक्रमात आहे. जो माणूस दिवसभर पेढीच्या गादीवर बसतो आणि घरापासून दुकानापर्यंत वाहनाने जातो, त्याला पोटरी दुखण्याइतके चालावेच लागत नाही. म्हणून ‘पाय दुखत नाहीत’ हे निरोगीपणाचे प्रमाणपत्र नव्हे. नव्या चपलेचा चावा किंवा टोचलेला खडा यांची जखम आठवडे उलटूनही भरत नाही, तेव्हाच पुष्कळांना पहिली जाणीव होते.

तपासणीचा आरंभ साधाच असतो. डॉक्टर पायांचा रंग, थंडपणा, त्वचेची चकाकी, बोटांमधील भेगा पाहतात. नंतर पावलाच्या वरच्या बाजूची आणि आतल्या घोट्यामागची अशा दोन नाड्या चाचपतात. नाडी न लागणे हा इशारा आहे. पण ती लागली म्हणून रक्तप्रवाह पुरेसा आहे, असेही खात्रीने म्हणता येत नाही. येथे आणखी एक गैरसमज दूर करायला हवा. तळव्याला नायलॉनचा बारीक तंतू टेकवून किंवा कंपन देणारे यंत्र लावून जी चाचणी होते, ती मज्जातंतूंची असते. ती आवश्यकच आहे, मात्र तिचा अहवाल म्हणजे रक्तप्रवाहाचा अहवाल नव्हे.

रक्तप्रवाहासाठी ‘अँकल ब्रेकियल इंडेक्स’ अर्थात एबीआय ही चाचणी करतात. रुग्णाला काही वेळ आडवे झोपवून दोन्ही दंडांचा आणि दोन्ही घोट्यांचा वरचा रक्तदाब डॉप्लर यंत्राने मोजतात. घोट्याच्या दाबाला दंडाच्या दाबाने भागले की गुणोत्तर मिळते. सुई नाही, वेदना नाही. दंडाचा दाब 140 आणि घोट्याचा 112 असेल तर गुणोत्तर 0.80 येते. 1.00 ते 1.40 हे सामान्य मानतात, 0.90 किंवा त्याहून कमी आले तर धमनीत अडथळा आहे असे समजतात.

हिशेबाची खरी गोम यापुढे आहे. मधुमेहात धमन्यांच्या भिंतीत कॅल्शियम साचून त्या कडक होतात. अशी धमनी पट्ट्याने दाबली तरी दबत नाही आणि घोट्याचा दाब फुगून दिसतो. वरच्या उदाहरणात तो 210 आला तर गुणोत्तर 1.50 होईल. येथे ‘जास्त म्हणजे उत्तम’ हा व्यापारी न्याय लागू पडत नाही. 1.40 च्या वरचा आकडा निरोगीपणा दाखवत नाही; तो कडक झालेली धमनी दाखवतो. त्याहून फसवा प्रकार म्हणजे अडथळा आणि कडकपणा एकमेकांना झाकतात व गुणोत्तर 1.00 च्या आसपास, अगदी ‘नॉर्मल’ दिसते. ताळेबंद जुळला म्हणून प्रत्येक नोंद खरी असते असे नाही, हे वह्या सांभाळणाऱ्यांना वेगळे सांगायला नको.

अशा वेळी पायाच्या अंगठ्याचा दाब उपयोगी पडतो. बोटांच्या लहान धमन्या या कडकपणातून बहुधा वाचतात. अंगठ्याला छोटा पट्टा बांधून दाब मोजतात. त्याचे दंडाच्या दाबाशी गुणोत्तर 0.70 हून कमी असेल तर प्रवाह अपुरा मानतात. दंडाचा दाब 140 आणि अंगठ्याचा 63 असेल तर हे गुणोत्तर 0.45 येईल, म्हणजे 1.50 दाखवणाऱ्या त्याच पायाचे सत्य येथे उघड होऊ शकते. अंगठ्याचा दाब 30 च्या खाली असेल आणि जखमही असेल, तर रक्तवाहिन्यांच्या तज्ज्ञांना तातडीने दाखवणे आवश्यक ठरते. पुढे कलर डॉप्लर किंवा अँजिओग्राफी करून अडथळ्याची नेमकी जागा पाहतात.

मधुमेहींनी पायांची संपूर्ण तपासणी वर्षातून एकदा तरी करून घ्यावी. दिवाळीत नव्या वह्यांचे पूजन होते, त्याच सुमारास ही तपासणी ठरवली तर विसर पडत नाही आणि यात्रेचा निर्णयही डोळसपणे घेता येतो. बधिर किंवा थंड पायांना गरम पाण्याच्या पिशवीने शेकू नये. भाजल्याचे कळत नाही. तंबाखू, मावा, गुटखा पूर्णपणे सोडावेत. पायांच्या धमन्या अरुंद असतील तर हृदयाच्या व मेंदूच्या धमन्यांनाही धोका असतो, म्हणून डॉक्टरांनी दिलेली औषधे मनाने थांबवू नयेत.

आणि कोणाच्या घरी बोट काढण्याचा सल्ला मिळाला, तर कुटुंबीयांनी नम्रपणे एक प्रश्न अवश्य विचारावा: ‘पायाचा रक्तप्रवाह मोजला आहे का, आणि तो वाढवण्याचा काही उपाय आहे का?’ जंतुसंसर्ग वेगाने पसरत असेल तर शस्त्रक्रियेला विलंब करता येत नाही, हे खरे. पण एरवी बंद धमनी आधी खुली करता आली तर जखम भरण्याची शक्यता वाढते आणि कित्येकदा पाय वाचतो. प्रवाह न मोजता बोट काढले आणि तेथे रक्तच पोहोचत नसेल, तर नवी जखमही भरत नाही आणि पुढची शस्त्रक्रिया आणखी वर करावी लागते.